बाकीचं बोटीवर

बू सैफ, समुद्र उघडला.

तू गेलास त्याच आठवड्यात मासेमारीच्या बोटींवरची बंदी उठली. तुझ्या भावानं, हमदाननं, मला फोनवर ही बातमी दिली. लढाई सुरू झाल्यापासून तू रोज सकाळी खोर फक्कानच्या किनाऱ्यावर जाऊन गस्तीच्या लाँचकडे डोळे वटारून पाहत होतास. आता बाकी सगळे गळ घेऊन निघाले, तर तू नाहीस. मला तुझा राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुझ्यामाझ्यात असल्या शिष्टाचाराला कधी जागा नव्हती, म्हणून सांगून टाकतो. थोडं थांबायचं होतंस.

आपली ओळख झाली तेव्हा मी या देशात अगदी नवा होतो. बंदरातल्या एका शिपिंग एजन्सीत जहाजांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे, एवढीच माझी लायकी. दुपारच्या वेळी साहेब नाही असं बघून मी रत्नागिरीला आईला फोन लावला होता. फोन ठेवला, तर काउंटरपलीकडे पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला एक उंच अरबी माणूस उभा. तो म्हणाला, "आयेला माझा पन सलाम सांगायचा व्हता." मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो.

तुझी आई जयगड खाडीकाठची. तुझे वडील नाखवा. कोकणात खजूर घेऊन जायचे आणि परतताना कौलं घेऊन यायचे, एका खेपेला बायको घेऊन आले, असं तूच सांगायचास आणि स्वतःच हसायचास. आईची बोली तुझ्या तोंडात तशीच राहिली होती, आमच्याकडची म्हातारी माणसंही आता तशी बोलत नाहीत. मी तुला आधी हिंदीत 'आप' म्हणालो, मग मराठीत 'तुम्ही'. तू वैतागलास. "माझी आय माझ्या बापालापन तुमी म्हनत नव्हती, तू कोन लागून गेलास?" त्या दिवसापासून तू 'तू' झालास. या देशात मी ज्याला 'तू' म्हणालो असा नागरिक तू एकटाच.

तुझ्या मजलिशीत, पाहुण्यांच्या बैठकीत, पहिल्यांदा आलो तो दिवस तू जन्मभर लोकांना रंगवून सांगितलास. हमदान कॉफी वाढत होता. एवढासा फिंजान, त्यात घोटभर कॉफी. मी प्यायलो की तो पुन्हा ओतायचा. कोकणात वाढलेला माणूस, वाढणाऱ्याला नको कसं म्हणणार? मी पीत राहिलो. छातीत धडधडायला लागलं, तरी पीत राहिलो. सगळी मजलिस गप्प बसून माझ्याकडे बघत होती, आणि तू तर डोळ्यांतलं पाणी पुसत होतास. शेवटी म्हणालास, "मुश्ताक, कप हालव रे. हालवल्याशिवाय आमच्यात कोन थांबत नाय." कप मनगटातून जरासा हलवला की पुरे, असा इथला रिवाज आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग आली बोट. दर शुक्रवारी मी शारजाहून, अल मजाजच्या घरून, डोंगर ओलांडून तुझ्याकडे यायचो. तू गळ, तारल्या आणि करक चहाचा थर्मास घेऊन तयार. बोट समोरच्या बेटाच्या पलीकडे जाईपर्यंत मुलाबाळांच्या गोष्टी. तिथे तू इंजिन बंद करायचास आणि म्हणायचास, "हां, बोल आता." बोलायचं कशावर, ते ठरलेलं होतं. तुझा देश एवढासा, आणि त्याची दोस्ती जगातल्या सगळ्यांत मोठ्या फौजेशी. ही दोस्ती तुम्हाला राखते की गोत्यात आणते, यावर आपण किती शुक्रवार घालवले असतील ते अल्लालाच ठाऊक.

नियम तुझाच होता. हा विषय फक्त पाण्यावर. वाळूला पाय लागला की खलास. कारणही तूच सांगितलंस. सैफ, ज्याच्या नावानं तू बू सैफ, सैफचा बाप, तो तुझा एकुलता एक मुलगा फौजेच्या गणवेशात होता. आकाशावर नजर ठेवणाऱ्या खोलीत त्याची ड्युटी. त्या खोलीत निम्मी माणसं तुमची आणि निम्मी त्या मोठ्या देशाची. "माझ्या घरात यावर बोल्लो तर त्ये सैफच्या कानावर जानार," तू म्हणालास. "आनि त्याच्या कानात आज दुसरं कायतरी असायला पायजे."

मी तुझ्या विरुद्ध बाजूनं भांडायचो. मला वाटायचं ते सांगायचो. जहाजं या बंदराला येतात ती उगाच नाही. बाहेर कुणाचा तरी पहारा आहे, म्हणून कप्तान निर्धास्त येतो, विमेवाला निर्धास्त सही करतो आणि माझ्यासारख्याच्या घरात चूल पेटते. दोन दादांच्या मधोमध ज्याचं चहाचं दुकान आहे, त्यानं एका दादाशी तरी जमवून घ्यायला नको का? तू तारली गळाला लावता लावता म्हणायचास, "आनि दादांची मारामारी दुकानात झाली की कपबश्या कुनाच्या फुटतात?"

त्या देशाचं नाव तू बोटीवरसुद्धा घ्यायचा नाहीस. 'पाहुणा' म्हणायचास. तुमच्या वाळवंटातल्या जुन्या लोकांत दारी आलेल्या पाहुण्याला तीन दिवस काही विचारत नाहीत. कोण, कुठला, कशासाठी आलास, काही नाही. आधी खाऊ घालतात, आसरा देतात, चौथ्या दिवशी विचारतात. "ह्यो पाहुना माझ्या लगनाच्या आदी आला," तू म्हणायचास. "आता माझी दाडी पांडरी झाली. अजून आमी त्याला इचारलेला नाय."

मी म्हणालो, "मग मीही पाहुणाच की. मला कधी विचारणार?"

"तू पाहुना नाय. तू भाडेकरू," असं म्हणून तू इतका हसलास की बोट हलली. मीही हसलो. भाडेकरूला हसावंच लागतं.

एकदा मात्र हसणं राहिलं बाजूला. मी तावातावानं म्हणालो होतो की तो मोठा देश उद्या उठून गेला, तर तुमच्या या टॉवरांचं काय होईल, याचा विचार कर. तू गळ गुंडाळलास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "तुला परत जायला गाव हाय, मुश्ताक. मना कुठं जायचा?" त्याच आठवड्यात माझी बायको रत्नागिरीला कायमचं परत जाण्याबद्दल बोलत होती, आणि ते मी तुला सांगितलं नव्हतं. परत येईपर्यंत दोघंही बोललो नाही. किनाऱ्यावर उतरल्यावर तू त्या दिवसाची सर्वांत मोठी सुरमई माझ्या पिशवीत कोंबलीस आणि आमसुलं संपल्याची आठवण करून दिलीस. तेवढ्यात आपलं मिटलं. पण तू बोललास ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे मी कबूल करायचं राहून गेलं. आज करतो.

शेवटच्या फेरीत तू भांडलाच नाहीस. पाण्यापलीकडच्या शेजाऱ्याची आणि तुझ्या पाहुण्याची लढाई पेटणार, हे तेव्हा सगळ्यांना दिसत होतं. मी म्हणालो, "आता बघ, हाच पाहुणा कामाला येतो की नाही." तू थर्मासचं झाकण उघडत होतास, बंद करत होतास. मग म्हणालास, "एक इचारू? त्या खोलीत उद्या हुकूम आला. पाहुन्याचा आला, आपला नाय आला. माझा सैफ काय करंल?"

"त्यालाच विचार की."

"बापानं इचारलं की पोराच्या हाताला कंप येतो," तू म्हणालास. "त्या खोलीत हात थरथरून चालत नाय. एखादं वरनं येत असंल आनि माझा पोरगा माझ्या इचारात बसला तर?"

मी गळ गुंडाळायला घेतला. काहीतरी म्हणायला हवं होतं. तू इंजिन चालू केलंस, आणि तुझ्या हातानं ते चालू होण्याची ती शेवटची वेळ ठरली.

मग लढाई लागली. त्या मोठ्या देशाची माणसं, विमानं तुमच्या वाळूवर, म्हणून पलीकडून सुटलेली क्षेपणास्त्रं आपल्या डोक्यावर यायला लागली. दुपारी जेवताना सगळ्यांचे फोन धोक्याच्या इशाऱ्यानं एकदम किंचाळायचे. अल मजाजच्या आमच्या खिडक्या थरथरायच्या, खालच्या खाडीवरचे पक्षी भुर्रकन उडायचे. बायको कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत मुलीला खिडकीपासून ओढायची. आमची नाझिया इथेच जन्मली, इथेच वाढली. ती म्हणायची, "रिलॅक्स, बाबा. इट्स जस्ट ॲन इंटरसेप्शन, हवेतच पाडलं. दे नो व्हॉट दे आर डूइंग." 'दे' म्हणजे कोण, असं मी तिला विचारलं. तिला तो प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "अस, ऑफ कोर्स. आपणच." तेव्हा मला तुझी फार आठवण झाली.

मी शुक्रवारी आलोच तुझ्याकडे. बायकोनं अबोला धरला, तरी आलो. बोटींना बंदी होती. क्षितिजावर जहाजं नांगर टाकून उभी, एकही आत येत नव्हतं. तुझी बोट वाळूवर ओढलेली. आपण दोघं म्हातारे त्या कोरड्या बोटीत जाऊन बसलो आणि चहा ओतला. मी म्हणालो, "बू सैफ, बोटीत बसलोय. आता बोलायला काय हरकत आहे?"

तू वाकून खाली बघितलंस. "खालती वाळू हाय," म्हणालास. "खलास."

असा हट्टी माणूस मी पाहिला नाही. तासभर आपण त्या बोटीत समुद्राकडे तोंड करून गप्प बसलो. तू मधेच आभाळाकडे बघायचास आणि मी तुझ्याकडे. सैफ घरी आलाच नव्हता त्या दिवसांत. फोन करायचा, सगळं ठीक आहे म्हणायचा, आणि तू त्याला घरच्या बकऱ्यांबद्दल सांगायचास.

तुझा शेवटचा फोन आठवतो. डोंगरामागे काहीतरी पाडलं होतं, त्याचा तुकडा तुमच्या गल्लीच्या टोकाला खजुराच्या झाडांत पडला. कुणाला लागलं नाही. तुझा आवाज वेगळाच येत होता. "त्यांनीच पाडला," तू म्हणालास. "पाहुन्यानं. नायतर माझं घर गेलं असतं. शुक्रान म्हनतो मी त्यांना. खरंच म्हनतो." मग थांबलास. "बाकीचं बोटीवर," एवढं म्हणून फोन ठेवलास.

त्यानंतर बोट नाहीच. दोनचार दिवसांनी दुपारी अंगणात माशांचा पिंजरा दुरुस्त करत असताना तू एका कुशीवर कललास. हातातली तार सोडवायला तुझ्या बायकोला, उम्म सैफला, वेळ लागला म्हणतात. हृदय थांबलं. मला वाटतं तू ते बरेच दिवस मुठीत धरून ठेवलं होतंस.

तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवसांत मी तुझ्या बाजूला सरकलो होतो. ज्या पहाऱ्यानं जहाजं येतात असं मी म्हणायचो, त्याच पहाऱ्यापायी ती अडून उभी आहेत, हे मी माझ्या खिडकीतून नाही, तर तुझ्या वाळूवरून बघितलं. आणि त्याच वेळी तू शुक्रान म्हणून माझ्या बाजूला आला होतास. पुढच्या शुक्रवारी आपण जागा बदलून भांडलो असतो. तू पाहुण्याची वकिली केली असतीस आणि मी तुला तीन दिवसांचा रिवाज ऐकवला असता. केवढी मजा आली असती, आणि केवढे कडवट झालो असतो दोघंही. हे भांडण माझ्याकडून हिरावून घेतल्याबद्दल कुणावर रागवायचं तेच मला कळत नाही.

मी मातीला पोचलो. तुझ्या कबरीवर मूठभर वाळू टाकली. मग मजलिशीत बसलो. माणसं येत होती, सैफला मिठी मारत होती, फातिहा म्हणून बसत होती. सैफच्या ड्युटीच्या खोलीत काम करणारा त्या मोठ्या देशाचा एक अधिकारी आला होता. साध्या कपड्यांत, कोवळा, उन्हानं लाल झालेला. बूट दारात नीट जोडीनं ठेवले, दोन्ही हातांनी हमदानचा हात धरला. मग त्याला फिंजान दिला. तो प्यायला. हमदाननं पुन्हा ओतलं. तो पुन्हा प्यायला. मी बघत राहिलो, बू सैफ, मला तुझं हसू ऐकू येत होतं. त्या मुलाचे कान लाल झाले, कपाळावर घाम आला, पण मान राखायचा म्हणून तो घेतच राहिला. शेवटी हमदान वाकला, त्याच्या मनगटाला हळूच हात लावला आणि कप हलवून दाखवला. त्यानं हलवला. "सॉरी," तो म्हणाला, "नोबडी टोल्ड मी." हमदान म्हणाला, "माय मिस्टेक, हबीबी." बोटीवर हे सांगितलं असतं, तर तू त्यावर दोन तास बोलला असतास.

आणि आता काल सकाळचं. सैफची रजा आज संपते. आज तो परत त्या खोलीत जाऊन बसेल. काल त्यानं मला बोलावून घेतलं आणि तुझी बोट पाण्यात ढकलली. तुझ्यासारखाच बसतो, एक पाय दुमडून. बेटाच्या पलीकडे गेल्यावर इंजिन बंद केलं.

"अंकल," तो म्हणाला, "इधर बाबा आप के साथ क्या बात करते थे? घर में पूछो तो बोलते थे, मछली."

मलाही मछली म्हणता आलं असतं. आज तो ड्युटीवर जाणार, त्याचे हात स्थिर राहायला हवेत, तू एवढं जपलेलंस. पण खाली पाणी होतं, बू सैफ. वाळू नव्हती. नियम तूच केलास. मी त्याला सांगितलं. पाहुण्याचं सांगितलं, कपबश्यांचं सांगितलं, शुक्रानचं सांगितलं. आणि मग तुझा प्रश्न सांगितला, हुकुमाचा, तुझ्याच शब्दांत, जमेल तसा हिंदीत.

तो भडकला. "हम से क्यूँ नहीं पूछा? बेटा मैं हूँ, या आप?" एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या बोटीतल्या माणसानं वळून बघितलं. मी म्हणालो, "वो बोला, पूछेगा तो तेरा हाथ काँपेगा." सैफनं स्वतःचे हात बघितले. थरथरत होते. ते त्यानं गुडघ्यांत दाबून धरले. मग म्हणाला, "यही सवाल मैं रोज़ ले के बैठता हूँ, अंकल. घर में बोला नहीं. सोचा, बाबा सोएगा नहीं."

तू त्याला झोप लागावी म्हणून गप्प, तो तुला झोप लागावी म्हणून गप्प. आणि मी तुम्हा दोघांच्या मधे इतके शुक्रवार चहा पीत बसलेला.

"जवाब बोलूँ?" त्यानं विचारलं.

"मेरे को मत बोल," मी म्हणालो. "उसको बोल."

तो माझ्याकडे पाठ करून बसला आणि मोकळ्या समुद्राकडे तोंड करून अरबीत बोलायला लागला. आधी हळू, मग चिडून, मग मुलं बापाशी बोलतात तसं. माझी अरबी ऑफिसातली, बिल आणि सही यांच्या पुढे जात नाही. 'बलादना' एवढा शब्द मला पुन्हा पुन्हा ओळखू आला, आमचा देश. बाकीचं मी समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही. ते तुझं होतं. माझ्या गळाला काहीतरी लागलं होतं, जोरात ओढत होतं, मी दोर सोडून दिला.

त्याचं बोलून झालं. त्यानं समुद्राचं पाणी तोंडावर मारलं आणि इंजिन चालू केलं. तुझी आमसुलं मी बरोबर आणली होती, मागच्या वेळी द्यायची राहिलेली. ती आता उम्म सैफकडे देईन. इतक्या वर्षांत तू मला हा देश 'तू' म्हणण्याइतका जवळचा केलास, त्याबद्दल तुला शुक्रान म्हणायचं होतं. तेही पाण्यावरच म्हणून घेतलं, इंजिनाच्या आवाजात. अल्ला तुला चांगली संगत देवो, आणि भांडायला कुणीतरी देवो.

बोट वाळूला टेकली. सैफ घोटाभर पाण्यात उतरला, दोर खांद्यावर घेऊन ती वर ओढली, आणि मला उतरायला हात दिला. तो हात थरथरत नव्हता. मी काहीतरी विचारणार होतो, तोच तो म्हणाला, "खलास, अंकल. अब घर चलो."